मॉनिटरचा रोजा

मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार. सकाळी कुत्र्याची थाळी घासायला बसले, मॉनिटरची. काल संध्याकाळी जशी भरून ठेवली तशीच भरलेली होती. भात, कोंबडीचं पाणी, कुस्करलेली भाकरी, आणि त्यावर मुंग्या. सगळं उकिरड्यावर ओतलं, राखेनं थाळी घासली, उन्हात पालथी घातली. गेल्या रविवारपासून हेच चाललंय, आपा. भरायची, ठेवायची, ओतायची, घासायची. न वापरता घासून घासून तुझी ती ॲल्युमिनियमची थाळी कधी नव्हती इतकी चकचकीत झालीय.

मला लिहायची सवय नाही हे तुला ठाऊक आहे. माझ्या दुकानाच्या पाटीवर मी ‘पशूखाद्य’ लिहून घेतलं होतं, तर तू भर रस्त्यात उभी राहून पेंटरकडून शू ऱ्हस्व करून घेतलास आणि मगच घरी गेलीस. इथे चुका सापडल्या तर सापडू देत. आता कान धरायला कोण येणार आहे.

तू किती वर्षं शाळेत शिकवलंस, घोटावड्यातली किती पोरं तुझ्या हाताखालून गेली, हे सगळं लोक बोलून गेले. मला त्यातलं काही सांगायचं नाही. मला भांडायचंय. आपलं भांडण शनिवारी अर्धं राहिलं आणि रविवारी सकाळी तू नव्हतीस.

तुमच्यात दहावं-तेरावं नसतं. मातीला बायका जात नाहीत, आमच्यातही जात नाहीत, त्याबद्दल तक्रार नाही. तिसऱ्या दिवशी, जियारतला, तुझ्या लेकीनं, नसरीननं, मला हाताला धरून तुझ्या जावा-नणंदांमध्ये बसवलं. सगळ्या खाली मान घालून पढत होत्या. मला पढता येत नाही आणि नुसतं बसता तर त्याहून येत नाही. थोड्या वेळानं उठले, मागच्या दारी गेले आणि तुझी भांडी घासली. नसरीन मागोमाग आली. म्हणाली, “मावशी, राहू द्या ना.” मी म्हटलं, “तू पढ. मला हेच येतं.”

मग तिथेच, हात ओले असताना, तिनं विचारलं. घराला कुलूप लावून तिला सोलापूरला परत जावं लागणार, फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, सुट्टी मांजर आहे, तिला नेता येईल, कुत्रं नाही. मी म्हटलं, दोघांना माझ्याकडे सोड. घर एका भिंतीचं आहे, त्यांना वाटणारही नाही कुठे गेलोय असं. किती सहज म्हणाले मी.

आमचे हे मातीला गेले होते. लोक आता सांगतात की मॉनिटर कब्रस्तानाच्या फाटकाशी बसून राहिला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. काही नाही. लोकांना गोष्ट लागते. ह्यांनी स्वतः बघितलं, तो मटणवाल्याच्या दुकानासमोर बसला होता, कारण रविवार होता आणि रविवारी तू तिथे येतेस. मटणवाल्याला दया आली, त्यानं एक तुकडा टाकला. “हुंगलाबी न्हाई गं,” हे घरी येऊन म्हणाले. “तुकडा पडलाय तितं, आन् ह्यो रस्त्याकडं बघत बसलाय.”

मला वाटलं, खाईल दुसऱ्या दिवशी.

सुट्टीची मला जास्त भीती होती. कुत्रं चार दिवस पाण्यावर काढतं, मांजराला तेवढी मोकळीक नाही. दोन-तीन दिवस सलग पोटात काही गेलं नाही तर मांजराचं लिव्हर बिघडतं, लठ्ठ मांजराचं तर लवकरच, आणि तू तिचा ढोल करून ठेवला होतास. ती तुझ्या शिवणयंत्राखाली जाऊन बसली होती. मी सुकट तव्यावर जराशी गरम केली. मांजराचं जेवण नाकापासून सुरू होतं, गार अन्नाला वास नसतो. बशी यंत्रापासून हातभर लांब ठेवली आणि तिच्याकडे न बघता खोलीबाहेर गेले. परत आले तर बशी साफ. तोंड धुतलं, पंजे धुतले, भिंत ओलांडून आमच्याकडे आली आणि पिठाच्या डब्यावर झोपली. तू नाव ठेवलंस ते योग्यच ठेवलंस. सुट्टी कुणासाठी थांबत नाही.

मॉनिटर मात्र मॉनिटर निघाला.

आपलं पहिलं भांडण आठवतं का? दुधावरून. मी तुझ्याकडे साखर मागायला आले होते आणि तू सुट्टीपुढे वाटीभर दूध ठेवत होतीस. मी म्हटलं, “मोठ्या मांजराला दूध पचत नाही, आपा. हगवण लागेल.”

“काय सांगतेस! मी पहिलीच्या पुस्तकातून चित्र दाखवून शिकवलंय. मांजर दूध पिते.”

“पुस्तक तू वाचलंस. मांजरानं नाही वाचलं.”

तू साखर दिलीस पण दोन दिवस बोलली नाहीस. तिसऱ्या दिवशी भिंतीवरून आवाज, “सुलभा, अंगणात जरा राख आण गं. मांजरानं पुस्तक वाचलं.”

दूध त्या दिवसापासून बंद. कांद्यावर तू तशीच अडलीस. कालवणातला रस्सा भाकरीवर घालून द्यायचीस. मी म्हणायचे, कांदा-लसूण कुत्र्यामांजरांच्या रक्ताला बाधतो, फोडणी घालायच्या आधी त्यांचं बाजूला काढ. तू म्हणायचीस, “मॉनिटरला आता जैन जेवण घालू का?” पण दुसऱ्या दिवशी चुलीवर छोटं पातेलं वेगळं असायचं. शिजलेली हाडं द्यायची नाहीत हेही तू ऐकलंस. ऐकलं नाहीस ते एकच. माझ्या दुकानातलं खाद्य. भूगावपासून बंगलेवाले गाडी घेऊन माझ्याकडे येतात, पोती नेतात, आणि भिंतीला भिंत लागून असलेल्या माझ्या शेजारणीनं एक पाकीट कधी उघडून बघितलं नाही. “तुझे ते खडे,” म्हणायचीस. “जनावरानं काय खडे खायचे? तांदूळ निवडताना आपण खडे टाकून देतो.” मी रोज एखादं नवीन पाकीट घेऊन यायचे, रोज तू चहा पाजून परत पाठवायचीस. पाकीट खपायचं नाही हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं, आपा. तरी मी येतच राहिले. तुला कधी वाटलं का, ही का येते? विचारलं असतंस तर मी काहीतरी दुसरंच सांगितलं असतं.

तुझं एक मी मान्य करते. जनावराशी कसं वागावं हे मी वाचून आणि विकून शिकले, तू बघून शिकलीस. वजूला हातपाय धुऊन तू आत निघालीस की मॉनिटर आपण होऊन उठायचा आणि ओट्याच्या पार टोकाला जाऊन बसायचा. त्याला कधी ‘हाड्’ म्हटलेलं मी ऐकलं नाही. नमाज संपवून तू दारात आलीस की तो शेपटीनं ओटा झाडायचा. मी विचारलं, हे कसं शिकवलंस? म्हणालीस, “मी नाही शिकवलं. पहिल्यांदा तो अंगाशी आला तेव्हा मला साडी बदलावी लागली. दुसऱ्यांदाही बदलली. तिसऱ्यांदा तोच बाजूला झाला. तो मला बघतो, सुलभा. दिवसभर त्याला दुसरं काम काय आहे?”

तो मला बघतो. हे वाक्य मी नीट ऐकायला हवं होतं.

पाटीचं सांगते. आज सांगावंच लागेल, नाहीतर पुढचं कुणाला कळायचं नाही. पाटी म्हणजे मॉनिटरची आई. काळीभोर, म्हणून तू पाटी म्हणायचीस. वरच्या अंगाला शेतं विकून प्लॉट पडले, तारा आल्या, पत्र्याची फाटकं आली, आणि त्या हिवाळ्यात कुणीतरी मटणातून विष टाकलं. कुणी टाकलं ते आजपर्यंत कळलं नाही. कुणाच्या कोंबड्या गेल्या असतील, कुणाला रात्रीचं भुंकणं नको असेल. पाटी तुझ्या पायरीपर्यंत चालत आली आणि पडली. भाजीच्या टेम्पोत घालून आपण पौडला निघालो. तू तिचं डोकं मांडीवर घेतलं होतंस, मी पाय धरले होते, झटके येत होते म्हणून. पौड यायच्या आधीच मी पाय सोडले. तू टेम्पोवाल्याला म्हणालीस, “वळव बाबा.”

घरी तिचं पिल्लू होतं, हाताएवढं. तू त्याला उचललंस आणि म्हणालीस, “याला मी नापास होऊ देणार नाही.”

पुढे काही महिने तुझी त्याच्याशी शाळा चालली. दार लोटून. मला येऊ द्यायची नाहीस. आणि मग एक दिवस भिंतीवरून हाक, “ये, आज परीक्षा आहे. तुझं जे सगळ्यात भारी असेल ते घेऊन ये.” मी मुद्दाम वासाचं ओलं पाकीट आणलं, फोडलं, थाळीत काढलं. मॉनिटरच्या तोंडातून लाळेची तार लागली, पण त्यानं थाळीला तोंड लावलं नाही. मी बाजूला झाले, लपले, पुन्हा आले. नाही. समोरच्या घरातली विमल आली, तिनं हातावर गूळ धरला. नाही. मग तू चुलीपासून उठून आलीस, हातात भाकरीचा चतकोर, त्याच्यापुढे धरलास आणि म्हणालीस, “हं, जेव.” त्यानं खाल्लं. तुझा चेहरा शाळा तपासायला आलेल्या साहेबानं शेरा लिहिल्यावर व्हायचा तसा.

मी म्हटलं, “कसं केलंस?”

“पेपर आधी सांगत नसतात.”

मी समजले, खुबी शब्दात आहे. ‘हं, जेव.’ अख्खी आळी तेच समजली.

आणि रमजान आला तेव्हा आळीला आणखी एक गंमत सापडली. मॉनिटर रोजा ठेवायला लागला. पहाटे तुझ्या सहरीबरोबर खायचा आणि संध्याकाळी तू रोजा सोडल्यावर. मधे दिवसभर काही नाही. विमल सगळ्यांना सांगत सुटली, “शमीमबाईचं कुत्रं रोजं धरतंय, बगा या.” तू हसायचीस. “मॉनिटर आहे. वर्गाला नियम लावायचा तर आधी स्वतः पाळायला नको?” मी मात्र चिडायचे. कुत्र्याच्या पोटाला ठरलेली वेळ लागते, दुपारचं त्याचं दुपारी मिळालं पाहिजे. “तुझा रोजा तुझ्यापाशी. त्याला कशाला उपाशी मारतेस?” तू म्हणायचीस, “दिवसा मी दिलं तर तो खात नाही. मी काय करू?” आणि विषय बदलायचीस. तेव्हाही तू खोटं बोलली नव्हतीस. फक्त पुरतं सांगितलं नव्हतंस.

शनिवारचं भांडण त्यावरूनच. मी म्हटलं, “आपा, हे बरं नाही. अडीअडचणीला माझ्या हातचं तरी त्यानं खायला पाहिजे. तुला काही झालं तर?”

“मला काय होतंय? अजून त्याला सातवीपर्यंत न्यायचंय.”

“मस्करी नको. पेपर सांग.”

“सांगेन. उद्या ये, सांगेन.”

उद्या आले मी.

सोमवारपासून मी त्याला सगळ्या सुरांत ‘हं, जेव’ म्हणून बघितलं. तुझ्यासारखं, माझ्यासारखं, हळू, मोठ्यानं. थाळी तुझ्या ओट्यावर ठेवली, चुलीशी ठेवली, तुझी जुनी साडी अंथरून त्यावर ठेवली. तो येतो, बसतो, लाळ गळते. थाळीकडे बघत नाही, माझ्या तोंडाकडे बघतो. मला वाटे, मी काहीतरी बोलावं म्हणून बघतोय. मी म्हणे, “हं, जेव.” तो बघतच राही.

मंगळवारी नसरीननं तिच्या मोबाईलवर तुझा एक व्हिडिओ शोधून काढला. ईदच्या दुसऱ्या दिवशीचा. त्यात तू म्हणतेस, “हं, जेव.” आम्ही तो लावला. मॉनिटर उठला, मोबाईलच्या मागे गेला, दाराच्या मागे गेला, न्हाणीत गेला, पडवीत, पुन्हा मोबाईलच्या मागे. मग तुझ्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून असा आवाज काढायला लागला की नसरीन कानांवर हात घेऊन बाहेर गेली. मी मोबाईल बंद केला. माणूस मेल्यावर माणसाला चार जण येऊन सांगतात, गळ्यात पडतात, मातीला नेऊन दाखवतात. कुत्र्याला कुणी काही सांगत नाही. वर आम्ही त्याला तुझा आवाज ऐकवला. पुन्हा असलं करणार नाही.

पौडहून जनावरांचे डॉक्टर येऊन दोनदा सलाइन लावून गेले. रक्त तपासलं, त्यात काही निघालं नाही. मी विचारलं, बाटलीनं पेज सोडू का तोंडात? म्हणाले, नको, तो गिळत नसताना सोडली तर फुफ्फुसात जाईल. मग बराच वेळ त्याच्या पाठीवर हात ठेवून बसले. “आजार नाही ताई. भूकही आहे. तो खात नाहीये, एवढंच.”

एवढंच. आता त्याच्या फासळ्या लांबून दिसतात. सलाइननं किती दिवस चालणार हे डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तू त्याला विषापासून वाचायला शिकवलंस, आणि त्या शिकवण्यानंच तो माझ्या अंगणात मरणार, आणि मी पोत्यांच्या थप्पीवर बसून ते बघणार. जनावरांचं खाद्य विकणारी बाई. हे लिहिताना तो दारात आडवा आहे. पोट वर-खाली होतंय की नाही हे दर दोन ओळींनी बघते.

ह्यांच्या डब्याची वेळ झाली. सेकंड शिफ्ट आहे. उठते.

परत बसलेय. रात्र झाली. झालं ते जसं झालं तसं लिहिते, कारण तुझ्याशिवाय हे कुणाला सांगण्यात अर्थ नाही.

भाकऱ्या थापत होते. तांदळाच्या, तुला आवडायच्या तशा पातळ. विमल डोकावली, उंबऱ्यात बसली. “खाल्लं का गं त्येनं?”

“नाही.”

“त्येला काय हुतंय. रोजं धरायची सवय हाय त्येला.”

भाकरी तव्यावरून काढताना कडेचा तुकडा मोडला आणि हात आपसूक तोंडाकडे गेला. तोंडापाशी थांबला. आज गुरुवार. माझा उपास. सासूबाईंनी लावलेली सवय, अजून चालली आहे. तुकडा हातात, हात तोंडाजवळ, आणि समोर मॉनिटर. तो आडवा होता तो उठून बसला होता. कान उभे. माझ्या तोंडाकडे बघत होता.

तेव्हा मला तू दिसलीस. चुलीपाशी, दाराकडे पाठ, काहीतरी चघळणारी. तू सारखी चघळत असायचीस आणि मी सारखी ओरडायचे, “आपा, तुझी शुगर! किती खाशील भाकरी?” तू म्हणायचीस, “चव बघते.” चव बघत नव्हतीस. दात लावत होतीस. त्याची प्रत्येक भाकरी तू आधी स्वतः तोडायचीस, मग त्याला द्यायचीस. ‘हं, जेव’ हे नंतरचं, ते नुसतं तुझं बोलणं. रमजानमध्ये दिवसा तुला दात लावता यायचा नाही, म्हणून तो दिवसा खायचा नाही. रोजा त्याचा नव्हताच. पाटीचं पिल्लू तुझ्याकडून एकच धडा शिकलं होतं, जे देणाऱ्यानं आधी खाल्लं नाही ते खायचं नाही.

मी भाकरीचा घास तोडला.

विमल ओरडली, “अगं ए, उपास हाय ना तुजा!”

“होता.”

उरलेली भाकरी, माझ्या दातांची कड त्याच्याकडे करून, पुढे धरली. त्यानं कड हुंगली. बराच वेळ हुंगली. माझ्याकडे बघितलं. मी ‘हं, जेव’ म्हटलं नाही. मग त्यानं कडेनंच, माझ्या दाताच्या खुणेवरूनच, तोडायला सुरुवात केली.

चतकोरच दिली. इतक्या दिवसांच्या रिकाम्या पोटात एकदम भर घातली तर ओकून टाकतो. तासाभरानं पातळ पेज, तीही आधी मी चमचाभर पिऊन. ती त्यानं चाटूनपुसून संपवली. थाळी पहिल्यांदा खरी घासली.

विमल तोवर बोलत होती. “म्या कुनाला न्हाई सांगनार गं, शपथ.” संध्याकाळ व्हायच्या आत दूधवाल्यानं मला विचारलं, “ताई, कुत्र्याला उष्टं चारताय म्हनं?” पेपर फुटला, आपा. मग विचार केला. फुटला तर फुटू दे. कुणालाही सांगितला तरी चालेल असा पेपर तू काढलास. विष घालणारा काही आधी स्वतः घास घेणार नाही. इतका चांगला धडा मी आजवर कुठल्या पुस्तकात बघितला नाही, कुठल्या पाकिटावर वाचला नाही.

मग मला का सांगितला नाहीस? लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं. पेटीतलं गुपित असावं तसं तू ते जपलंस. विचार करून करून मला एकच कारण सापडतं. तो फक्त तुझ्या हातचं खातो, हे तुला आवडत होतं. नवरा गेलेला, मुलगी लांब, शाळा सुटलेली. जगात एक जीव असा असावा जो दुसऱ्या कुणाच्या हातचं घेणार नाही. तसं असेल तर मी रागवत नाही. मी तरी पाकिटं घेऊन रोज कशाला येत होते? तुझ्याकडे दुसरं कुणी चहाला बसलेलं असलं की माझा दिवस खराब जायचा. हे तुला सांगायचं राहिलं. सांगितलं नसतंच.

तो जेवला तेव्हा मला बरं वाटायला हवं होतं. सगळ्यांनी विचारलं, आता बरं वाटलं ना? ह्यांनी फोनवरून विचारलं. मी हो म्हटलं.

खरं तुला सांगते. रविवारपासून तुझी वाट बघणारे आम्ही दोघं होतो. मी थाळ्या भरत होते, घासत होते, डॉक्टरांना फोन करत होते, पण आतून मीही दाराकडेच बघत होते. तो खात नव्हता तोवर काहीतरी ठरायचं बाकी होतं. तू उशिरा का होईना येशील, चुलीपासून उठशील, म्हणशील, हो बाजूला, तुला जमायचं नाही. त्यानं माझी भाकरी घेतली आणि ते संपलं. त्यानं तुझी वाट बघणं सोडलं. आता मी एकटी उरले. तू रविवारी गेलीस असं सगळे म्हणतात. माझ्या लेखी तू आज दुपारी गेलीस, तव्यावर दुसरी भाकरी असताना. ती करपली.

संध्याकाळी लक्ष्मीचा घट तसाच मांडला. उपास मोडल्याचं देवीला सांगितलं. तिला काय वाटलं ते कळायला मार्ग नाही. कहाणी वाचायला बसले आणि एका ओळीवरच थांबले, पुढे जाईना. मॉनिटर उंबऱ्याबाहेर, चार हात लांब बसला होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या हातात पुस्तक आणि समोर दिवा बघून तो आपण होऊन सरकला असेल. म्हणजे आता तो मला बघायला लागलाय.

मला त्याचीच भीती वाटते. मलाही शुगर आहे. मलाही मरण आधी सांगून येणार नाही. एका तोंडावरून सुटलेलं त्याचं पोट दुसऱ्या तोंडाला बांधून मी काय मिळवलं? आपलं शनिवारचं भांडण अजून तिथेच आहे, फक्त आता तुझ्या जागी मी उभी आहे आणि समोर विचारणारं कुणी नाही, की तुला काही झालं तर?

शुक्रवार. सकाळी उजाडल्यावर विमलला बोलावलं. चुलीवरून भाकरी काढली, तिच्या हातात दिली आणि म्हटलं, “घास घे आणि त्याला दे.”

“आता माजं उष्टं व्हय? सगळ्या आळीचं चारनार हायेस का त्येला?”

“सगळ्या आळीचं. तुझ्यापासून सुरुवात.”

तिनं भाकरी उलटीपालटी करून बघितली, मीठ कमी आहे म्हणाली, घास घेतला, खाली बसली आणि भाकरी पुढे धरली. मॉनिटरनं कड हुंगली. मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. विमल म्हणाली, “खा की रं.” त्यानं बघितलं नाही तिच्याकडे. मी तिथे उभी होते तोवर तो तिच्या हातचं घेणार नव्हता, हे मला कळलं. माझ्या नसण्याची सवय त्याला मी असतानाच लावली पाहिजे. ती तू लावायची ठेवलीस.

विमलला म्हटलं, हात खाली घेऊ नकोस. किल्ल्या घेतल्या, त्याच्याकडे पाठ केली, अंगण ओलांडून दुकानापाशी गेले आणि शटर वर केलं.